मदत हवी आहे: नार्कॅन (अफूच्या जातीच्या ड्रगच्या ओव्हरडोसवर नाकात मारायचा स्प्रे) गाडीत ठेवलं तर चालेल का?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकाच्या मित्राने दुखण्यावरची म्हणून घेतलेल्या गोळीत फेंटानिल (अफूच्या जातीचं अतिशय जहाल ड्रग) निघालं, पोरगा थोडक्यात वाचला. म्हणून मीही नार्कॅन आणलं. इथे नालोक्झोन365 योजनेत (नालोक्झोन म्हणजे नार्कॅनमधलं औषध) 14 वर्षं किंवा त्याहून मोठ्या कुणालाही ते ठरावीक फार्मसीत नाव न सांगता फुकट मिळतं. (तरी काउंटरवर मी चोरासारखी उभी!) खोक्यात 4 मिलिग्रॅमचे दोन स्प्रे. एक नाकपुडीत मारायचा, 911 (इथला आणीबाणीचा नंबर) लावायचा, 2-3 मिनिटांत प्रतिसाद नाही तर दुसरा दुसऱ्या नाकपुडीत.

लेक म्हणतो, गाडीत ठेवू. पण आमची गाडी जानेवारीत गोठते, जुलैत तिची भट्टी होते. तुम्ही कुठे ठेवता? आणि कुणी मराठीतून प्रात्यक्षिक दाखवेल का? दिवसभर घरी सासूबाईच असतात, खोक्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही.