मदत हवी: भराभर वाढणाऱ्या कासवांना लपायला घर कसलं करू? (नाशिक)

नमस्कार मंडळी, आमच्याकडे दोन सुलकाटा कासवं (आफ्रिकेतली जमिनीवर राहणारी मोठी जात) आहेत, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेली. चांदणी कासवं नाहीत हे आधीच सांगते, ती घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणली तेव्हा तळहातावर मावायची, आता कवचच वीतभर झालंय, आणि प्रॉब्लेम असा की लपायला काहीही द्या, थोड्याच दिवसांत अपुरं पडतं. आधी अर्धी कापलेली कुंडी होती, मग द्राक्षाचं क्रेट दार कापून उलटं ठेवलं, आता मोठा माठ आडवा पुरलाय. ऊन उतरलं की थोरला आधी आत शिरतो आणि आडवाच बसतो, धाकट्याला जागा ठेवत नाही, मग तो बिचारा कंपाउंडच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो, बघवत नाही. त्यात माठाची कड थोरल्याच्या पाठीला घासते, वरच्या खवल्यावर पांढरी रेघ उमटलीय.

आम्ही मखमलाबादला राहतो, घरामागे छोटं अंगण आहे, काळी माती, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. थंडीत इथे पारा दहाच्या खाली जातो आणि ही मूळची सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातली, थंडीभर झोपून काढणारी जात नाही. तिकडे खोल बिळं करून राहतात, आमची दोघं पण आत्तापासून कोपरे उकरतात.

पूर्ण वाढ झाल्यावर एकेक चाळीस-पन्नास किलोचं होईल म्हणतात, मग आत्ताच मोठं पक्कं घर बांधून टाकू का, की मोठ्या जागेत त्यांना सुरक्षित वाटणार नाही? मिस्त्री पत्र्याची शेड मारून देतो म्हणतोय पण एप्रिलमधला पत्रा आठवूनच नको वाटतं. आणि दोघांना एकच घर चालेल की वेगळं? कुणी ही जात वाढवली असेल तर प्लीज सांगा.

गोदाकाठचा
ताई, पत्रा नकोच, उन्हात भट्टी होते. कासवाला पाठीला छत जवळ असलं की बरं वाटतं, त्यामुळे उंची कवचापेक्षा थोडीच जास्त ठेवा, पण रुंदी कवचाच्या लांबीच्या दुप्पट तरी हवी म्हणजे आत गोल वळता येतं. पक्कं मोठंच बांधा पण आत विटांची हलती आडभिंत घाला, वाढतील तशी मागे सरकवायची. भिंतीचा पाया दीड-दोन फूट खाली न्या, नाहीतर ही भिंतीखालून उकरतात आणि अख्खं बांधकाम अंगावर येतं. नुसत्या विटा रचून वर फरशी ठेवली असं अजिबात करू नका. जमीन काळी आहे म्हणता तर आधी मुरूम टाकून जोतं उंच करा, बिळात पाणी शिरलं तर बाहेर पडता येत नाही.

निफाडकर
थंडीचं मी सांगतो. घर विटांचंच करा पण भिंत दुहेरी, मधे थर्माकोल, आतून प्लास्टर पक्कं हवं कारण थर्माकोल दिसला की ही खातातच. वरून सिरॅमिक हीटर, चिनीमातीच्या होल्डरमध्ये, जाळी लावून आणि थर्मोस्टॅटवर. उजेड देणारा बल्ब रात्री नको. वीतभर पिल्लाला रात्री पण पंचवीसच्या आसपास ठेवा. गार आणि ओलं दोन्ही एकदम झालं की छाती भरते, नाकातून फुगे येताना दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर.

हिरवी_पाठ
दोघांना एक घर देऊच नका. थोरला आडवा बसतो ते जागा अडवणंच आहे, मोठी झाल्यावर धडका मारायला लागतात. एकमेकांची दारं दिसणार नाहीत अशी दोन घरं, आणि पुढे-मागे मधे भिंत घालायची तयारी ठेवा. अजून एक, घर गरम ठेवता ठेवता आतली हवा कोरडी करू नका. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी सुलकाटाच्याच पिल्लांवर प्रयोग केला होता, कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठीवर उंचवटे जास्त आले, खाण्यातल्या प्रोटीनचा परिणाम त्या मानाने किरकोळ. म्हणून तळाशी कोकोपीट दमट ठेवा, पण चिखल नको.

मूळ धागाकर्ती
खूप खूप आभार, मला नेमकं हेच हवं होतं. आजच माठ काढते, धाकट्याला तात्पुरतं क्रेट वेगळं लावून देते आणि मिस्त्रीला दोन घरांचं सांगते. फक्त दाराला काय लावू? लाकडी झडप ढकलून आत येतील का, की बाहेरच बसून राहतील?

निफाडकर
झडप नको, पाय अडकतो. द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजच्या दाराला लोंबतात ना, तसल्या जाड प्लास्टिकच्या पट्ट्या लावा. पहिले काही दिवस एकच पट्टी सोडा बाकी वर बांधून ठेवा, सवय झाली की एकेक खाली सोडत जा. पलीकडचं दिसतं त्यामुळे घाबरत नाहीत, आणि हीटरची ऊब पण आत राहते.