सिनेपरीक्षणांची जुनी वही टाइप करतेय – पहिलं मत ठेवायचं की खोडून लिहिलेलं?

नौपाड्याची_सून

मंडळी, जरा विचित्र प्रश्न आहे, हसू नका.

माझे चुलत सासरे ठाण्यातल्या एका छोट्या साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहायचे. साप्ताहिक कधीच बंद पडलं आणि काका 2019 ला गेले. आता आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये म्हणून माळे रिकामे करताना त्यांची एक जाडजूड वही सापडली, कापडी बाइंडिंगची, हिशोबाची असते ना तशी. प्रत्येक सिनेमाला चार-पाच ओळी, कुठे पाहिला, कोणाबरोबर, आणि मत. छापून आलेलं परीक्षण नाही हां, ते वेगळं, हे स्वतःसाठी लिहिलेलं. मी रोज रात्री भांडी आवरून झाली की थोडं थोडं टाइप करतेय, घरच्या ग्रुपवर पीडीएफ टाकायची असं ठरलंय.

तर घोळ असा आहे की काकांनी बऱ्याच सिनेमांवर नंतर, कधी दहा कधी तीस वर्षांनी, हिरव्या शाईने दुसरं मत लिहून ठेवलंय. काही ठिकाणी पहिलं खोडलंय पण वाचता येतं. उदा.

शोले, मिनर्व्हा, ऑगस्ट 1975: "लांबण. खलनायकाचा आवाज किडकिडा. पंधरा दिवसांत पडेल." खाली हिरव्यात 2004: "पडलो मी."

अंदाज अपना अपना, 1994: "निव्वळ आचरटपणा." हिरव्यात 2001: "केबलवर, अंगात ताप असताना. आचरटपणाच, पण काय आचरटपणा!"

अशी ही बनवाबनवी, 1988: "पुरुषांनी लुगडं नेसायचं आपल्याला नवीन नाही, बालगंधर्व बघितलेत आपण. गोष्टही हिंदीतली जुनीच." हिरव्यात, तारीख नाही: "हसलो होतो. छापताना लिहिलं नाही."

आणि उलटंही आहे. माहेरची साडी, 1991: "सहकुटुंब पाहावा. थिएटरात एक पदर कोरडा नव्हता." हिरव्यात 1999, म्हणजे आमच्या नणंदेचं लग्न झालं त्याच वर्षी: "मार खाणारी सून थोर कशी? आणि हे मी सहकुटुंब पाहा म्हणून लिहिलं."

आता नणंदबाईंचं म्हणणं की फक्त हिरवी मतं टाइप कर, बाबांचं अंतिम मत तेच, उगाच शोलेला पाडणारा माणूस म्हणून नातवंडांत हसं नको. मिस्टरांचं म्हणणं की जे परीक्षण म्हणून लिहिलं ते पहिलं, नंतरचं सगळं पश्चातबुद्धी, ज्या दिवशी बघितलं त्या दिवशीचं मतच खरं. मी मधल्या मध्ये. तुम्ही काय केलं असतंत? आणि त्यांची मतं पटतायत का तेही सांगा, माझा सिनेमा म्हणजे टीव्हीवर लागेल तो.

ऐरोलीकर_74

दोन्ही ठेवा, विषय संपला. लेटरबॉक्स्डवर (पाहिलेले सिनेमे नोंदवायची साइट) मी हेच करतो, पुन्हा बघितला की डायरीत नवीन नोंद पडते आणि जुनं रेटिंग तसंच राहतं. कॉलेजात असताना मी 'कोर्ट' या मराठी सिनेमाला दोन स्टार दिलेले कारण कॅमेरा हलतच नाही म्हणून, आता साडेचार आहेत, आणि ते दोन स्टार बघून दर वेळी लाज वाटते पण डिलीट नाही करत.

बाय द वे कोर्टवर काकांचं काय आहे? असेल तर टाका ना प्लीज.

कोपरीचा_जुना_प्रेक्षक

ताई, साप्ताहिकाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मीही लिहीत नाही, पण तलावपाळीजवळ ऑफिस होतं तेच असेल तर मी तुमच्या काकांचं सदर वाचून मोठा झालोय. आम्ही पाच-सहा मित्र, आनंद टॉकीजच्या मागल्या बाजूला राहायचो, शुक्रवारी अंक आला की पहिलं पान तेच. आणि आमचा नियम उलटा होता, त्यांनी शिव्या घातल्या की आम्ही ॲडव्हान्स बुकिंगला पळायचो, त्यांनी "संयत अभिनय" असं लिहिलं की तिकडे फिरकायचोच नाही. एवढ्या वर्षांत हा नियम दोन-तीनदाच चुकला असेल. चेष्टा करत नाहीये, समीक्षक असाच हवा. आपल्यासारखंच मत असणारा मिळत नसतो, पण स्वतःच्या जागेवरून न हलणारा असला की तो किती डावीकडे उभाय ते बघून आपण आपलं अंतर मोजू शकतो. आत्ताचे यूट्यूबवाले आज याला पाच स्टार उद्या त्याला पाच, मोजायचं कशावरून?

म्हणून माझं मत तुमच्या मिस्टरांच्या बाजूने, पहिलं मत ठेवा. शोले पडेल असं म्हणणारे काका एकटे नव्हते, पहिल्या आठवड्यात पेपरांत बहुतेकांनी नाकं मुरडलीच होती आणि ट्रेडवाले तर पडला म्हणून मोकळे झालेले. नंतर त्याच मिनर्व्हाला तो पाच वर्षं चालला. आवाज किडकिडा हेही तेव्हा खूप जण म्हणायचे. त्या एका ओळीत 1975 चा ऑगस्ट आहे. ते पुसून "पडलो मी" एवढंच ठेवलं तर पोरांना कळणार कसं कुठून पडले?

वाशीची_मनू

मी इथे थोडी असहमत. पहिलं मत म्हणजे खरं मत हे मला झेपत नाही. समीक्षक शुक्रवारी सकाळचा शो बघून दुपारी कॉपी देतो, डेस्कवरून फोन येत असतो, उपाशी असतो, घाईत लिहिलेलं ते "खरं" आणि निवांतपणे दुसऱ्यांदा बघून लिहिलेलं "पश्चातबुद्धी" हे कसं काय?

एक किस्सा सांगते. 1967 ला बॉनी अँड क्लाइड हा हॉलिवूडचा सिनेमा आला तेव्हा न्यूजवीकचा समीक्षक जो मॉर्गनस्टर्नने त्याची सालं काढली. मग पुन्हा जाऊन बघितला आणि पुढच्याच आठवड्यात त्याच मासिकात लिहून मोकळा झाला की माझं चुकलं. एका आठवड्यात! नोकरी गेली नाही की काही नाही, उलट 2005 मध्ये त्याला समीक्षेचं पुलित्झर मिळालं (दुसऱ्या पेपरमध्ये असताना, पण तरी). रॉजर एबर्ट या अमेरिकन समीक्षकानेही ग्राउंडहॉग डेला 1993 ला तीन स्टार दिलेले आणि नंतर तोच थोर सिनेमांच्या यादीत घेतला, वर लिहिलं की पहिल्या वेळी मी कमी लेखला. आणि दुसऱ्या टोकाला पॉलिन केल, तीही तिकडचीच समीक्षक, ती सिनेमा एकदाच बघायची, पुन्हा बघायचाच नाही हा बाणा. मला ती वाचायला जाम आवडते पण तो बाणा नाही पटत. आईला पहिल्याच दिवशी नवरा आवडला नव्हता, माझे बाबा, तिनेही मत बदललंच की 😄

पण नणंदेचंही पटलं नाही. हिरवं एकटं छापलंत तर काका सुरुवातीपासूनच शहाणे होते असं वाटेल. माहेरची साडीची नोंद एवढी चांगली कशामुळे झालीये? वरची ओळ आहे म्हणून. लेक सासरी गेली आणि बापाला तोच सिनेमा वेगळा दिसला, ते दोन ओळींच्या मधे आहे. नणंदेला हे दाखवा एकदा, तिच्याच लग्नाच्या सालातली नोंद आहे.

नौपाड्याची_सून

बापरे एवढे रिप्लाय. मनू, नणंदेला ते पान अजून दाखवलंच नव्हतं, ती फक्त शोलेवर अडून बसली होती. कोपरीकर, हो बहुतेक तेच साप्ताहिक! संयत अभिनय हा शब्द वहीत मी आत्तापर्यंत तेवीस वेळा टाइप केलाय.

ऐरोलीकर, कोर्टचं मिळालं. विवियाना मॉल, एप्रिल 2015: "हॉलमध्ये आम्ही सात जण. पुढच्या रांगेत एक गृहस्थ घोरत होते. शेवटी पडद्यावर न्यायाधीशही बाकावर झोपले. मुलांनी ओरडून न्यायाधीशांना उठवलं, गृहस्थांना कोणीच उठवलं नाही. यंदाचं सर्वात उत्तम चित्र." याला हिरवी ओळ नाहीच.

अजून थोडी टाकते. श्वास, 2004: "परीक्षण दिलं नाही. संपादकांना सांगितलं, मला ताप आला म्हणून." सैराट, 2016: "मध्यंतरापर्यंत मीही नाचलो असतो. शेवटच्या पाच मिनिटांत पार्श्वसंगीत काढून घेतलं, आणि माझा श्वासही." (हे जरा जास्तच झालंय काका.) हम आपके हैं कौन, 1994: "लग्नाची कॅसेट. गाणी 14, गोष्ट पाव, तीही राजश्रीच्याच जुन्या नदिया के पारमधली." आणि याच्या बाजूला समासात पेन्सिलीने काकूंचं अक्षर, "मला आवडला. तीनदा." काकू लिबर्टी टॉकीजला तीनदा गेल्या होत्या, लोकलने व्हीटी आणि तिथून चालत, काकांना न सांगता, हे मला आत्ता कळलं!

ऐरोलीकर_74

कोर्टची नोंद वाचून ऑफिसात हसलो, बाजूचा बघतोय. सात जण असताना हा माणूस सर्वात उत्तम लिहितो आणि पाच वर्षं चाललेल्या शोलेला पडेल म्हणतो, म्हणजे गर्दीचा आणि मताचा काही संबंधच नव्हता त्यांच्या. तेव्हा कोर्टला व्हेनिसचे पुरस्कार आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले होते तरी आमच्या इथे शो दोन आठवड्यांत उडाले होते.

काकूंची पेन्सिलपण टाइप करा हां.

घोडबंदर_हायवे

एवढं काय, एका वहीसाठी. स्कॅन करा, फोटो टाका, लोक वाचतील तसं वाचतील. टाइप करताना तुम्हीच मनात निवडणार काय ठेवायचं. मोबाइलवर फुकट ॲप आहेत स्कॅनची. खोडलेलं खोडलेलंच दिसू द्या.

वाशीची_मनू

हायवे भाऊ रूक्ष आहेत पण बरोबर आहेत. फक्त हिरवी शाई स्कॅनमध्ये उडते, ब्लॅक अँड व्हाइट मोड नका वापरू, कलरच ठेवा. आणि ट्यूबलाइटखाली नको, दिवसा खिडकीशी काढा. आजोबांची पत्रं स्कॅन करताना माझी वीस पानं फुकट गेलीयेत. टाइप केलेलं त्याच्या शेजारी द्या, म्हणजे अक्षर लागलं नाही तरी वाचता येईल.

अजून एक, सालं नीट तपासून घ्या, कारण एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या प्रती असतात. शोलेचा शेवट सेन्सॉरने बदलायला लावला होता, ठाकूर गब्बरला मारतो तो काढून पोलीस येतात असा केला. मूळ शेवटाची रिस्टोअर केलेली प्रत 2025 मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली. काकांनी दोन्ही वेळा पोलीस येणाराच बघितला असणार. असती वही चालू तर तिसरी शाई लागली असती.

कोपरीचा_जुना_प्रेक्षक

ताई, माझ्याकडे त्या सदराची काही कात्रणं आहेत, ट्रंकेत, बहुतेक 1986 ते 90. बनवाबनवीचं नक्की आहे कारण त्यावरून आमच्या ग्रुपमध्ये भांडण झालं होतं, एकाने त्यांना पोस्टकार्ड टाकलेलं. छापलेलं एकीकडे आणि वहीतलं एकीकडे असं लावून बघायला मजा येईल. देतो, पण ओरिजिनल हातात देणार नाही, राग मानू नका, तुम्ही फोटो काढून घ्या. रविवारी जमेल का? मामलेदार मिसळला भेटू हवं तर.

नौपाड्याची_सून

अय्या खरंच? राग कसला, उलट बरं वाटलं. मामलेदार नको, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. गडकरी रंगायतनच्या बाहेर 11 ला येते, मिस्टरही येतील आणि वही आणते. नणंदेला कालच ते माहेरची साडीचं पान पाठवलं, निळे टिक पडलेत, उत्तर नाही अजून. आणि कोपरीकर, पोस्टकार्डात काय लिहिलं होतं तेवढं सांगा, कारण वहीत 1988 च्या पानाला एक पोस्टकार्ड टाचलेलं आहे.

कोपरीचा_जुना_प्रेक्षक

सही कोणाची आहे?

नौपाड्याची_सून

सही नाही. नुसतं "एक हसलेला प्रेक्षक, कोपरी".

कोपरीचा_जुना_प्रेक्षक

रविवारी येतो. दहालाच येतो.