मदत हवी: अल्जिनेटचे मणी फॉस्फेट बफरमध्ये टिकत नाहीत

एम.एस्सी.चा प्रकल्प आहे, सोलापूर. डाळिंबाच्या सालीचा अर्क अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातला पदार्थ, कॅल्शिअमनं घट्ट होतो) मण्यांत भरून तो किती वेगानं सुटतो ते मोजायचंय. २ ग्रॅम सोडिअम अल्जिनेट १०० मिली पाण्यात (बोअरचं, उकळून गार केलेलं), त्यात अर्क, मग २२ गेजच्या सुईतून २ टक्के कॅल्शिअम क्लोराइडमध्ये थेंब थेंब. द्रावणात गुठळ्या होतात, मण्यांना शेपटी येते. मुख्य म्हणजे ७.४ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) मणी फुगून फुटतात, बफर गढूळ होतं. कॅल्शिअम वाढवू का?

परीक्षानळी:
वाढवून उपयोग नाही, मण्याची वरची साल तेवढी कडक होईल. मण्याला धरून ठेवतं ते गुलुरोनेटच्या (अल्जिनेटचाच एक घटक) साखळ्यांमध्ये अडकलेलं कॅल्शिअम. फॉस्फेट तेच ओढून घेतं, सोडिअम त्याची जागा घेतं. गढूळपणा बहुधा कॅल्शिअम फॉस्फेटचा. सायट्रेट बफर तर याहून वाईट.

फॉस्फेटऐवजी ५० मिलिमोलर ट्रिस बफर घ्या, त्यात २ मिलिमोलर कॅल्शिअम क्लोराइड. पीएच ३७ अंशांवरच लावा, कारण दर अंशामागे ट्रिसचा पीएच साधारण ०.०३ नं उतरतो. एप्रिलातल्या आपल्या लॅबमध्ये ‘रूम टेंपरेचर’ला काही अर्थ नसतो. अर्कातले पॉलिफेनॉल फोलिन पद्धतीनं (रंगावरून) मोजणार असाल तर ट्रिस त्यात लुडबुड करतं. ब्लँक आणि स्टँडर्ड दोन्ही त्याच बफरमध्ये बनवा.

जुळेसोलापूरकर:
गुठळ्यांचं मूळ बोअरच्या पाण्यात. उकळल्यानं बायकार्बोनेटचा जडपणा जातो, सल्फेट-क्लोराइडचा राहतो, म्हणजे भांड्यातच जेल बनायला सुरुवात. डिस्टिल्ड पाणी घ्या. पावडर एकदम ओतू नका. पाणी जोरात फिरत असताना चिमटी-चिमटीनं भुरभुरवा आणि रात्रभर मुरू द्या, बुडबुडेही निघून जातील.

दुसरा संशय अर्कावर. सालीचा अर्क आंबट असतो. पीएच ३.५ च्या आसपास उतरला की अल्जिनिक आम्ल साकळतं. मिसळण्याआधी पातळ सोडिअम हायड्रॉक्साइडनं अर्क ५ ते ६ वर आणा. त्याच्या फार वर नको, टॅनिन हवेनं काळं पडतं.

शेपटीसाठी सुईची उंची बदलून पाहा. फार खाली असेल तर थेंब गोल व्हायच्या आत पृष्ठभागाला लागतो, फार वर असेल तर आपटून चपटा होतो. ८-१० सेंमीपासून सुरू करा, बाथ हळू फिरवा. तरीही शेपटी राहिली तर द्रावण दीड टक्क्यावर आणा.

धागाकर्ता:
पाणी बदलल्यावर गुठळ्या गेल्या. पण कॅल्शिअमचा बाथच तपकिरी होतोय, अर्क तिथंच गळतोय का?

परीक्षानळी:
हो, पॉलिफेनॉलचे रेणू लहान, जाळीतून सहज निसटतात. मणी १० मिनिटांत बाहेर काढा, आणि बाथमध्ये किती गेलं ते मोजून भरलेल्या मात्रेतून वजा करा, नाहीतर सुटण्याचे आकडे खोटे येतील.

गळती आवरायला कायटोसानचा (कायटिनपासून बनणारं पॉलिमर) लेप: ०.५ ग्रॅम, १०० मिली १ टक्का ॲसिटिक आम्लात रात्रभर, गाळून पीएच ५. साडेसहाच्या वर नेलं तर कायटोसान साकळतं. मणी त्यात १५ मिनिटं, मग डिस्टिल्ड पाण्यानं खळखळून धुवा. आणि कॅल्शिअम क्लोराइडची बाटली नीट वाचा: १०० मिलिमोलरसाठी दर १०० मिलीला डायहायड्रेट (पाण्याचे दोन रेणू असलेलं) १.४७ ग्रॅम लागतं, निर्जल १.११. झाकण सैल राहिलेल्या बाटलीतलं वजन धरूच नका, ते हवेतलं पाणी पितं.