उंचावरच्या वाळवंटातल्या वायनरी : जाऊन आलेल्यांनी अनुभव सांगा

दिवाळीनंतर ताईकडे अमेरिकेत फिनिक्सला जातेय, सोबत आई, वय 68, ती वाइनला हातही लावत नाही. अ‍ॅरिझोनातच विलकॉक्सला जायचं चाललंय, तिथे 4,000 फुटांच्या वर द्राक्षबागा आहेत म्हणे. आम्ही नौपाड्यातले, वायनरी म्हणजे कसारा घाट चढून नाशिक, एवढंच माहीत. वाळवंटात काय असतं, आई कंटाळेल का, प्लीज मनमोकळं लिहा.

ऐरोलीकर : प्रोजेक्टवर दोन वर्षं फिनिक्सजवळ चँडलरला होतो, तीनदा गेलोय. तीन तास धरा. गावात रेल्वेलाइनला लागून जुना रस्ता आहे, टेस्टिंग रूम (वाइन चाखायच्या जागा) तिथेच जवळजवळ, चालत होतं सगळं. फ्लाइट मागवली की चार-पाच वाइन घोट-घोट देतात, नाही आवडली तर समोरच्या भांड्यात ओतायची, मला पहिल्यांदा ते अन्न टाकल्यासारखं वाटून जीवावर आलं होतं पण कोणी वाईट मानत नाही. गाडी चालवणाऱ्याने घ्यायचीच नाही, तिथे रक्तातलं अल्कोहोल 0.08 टक्क्यांच्या खाली असलं तरी जरासा परिणाम दिसला तर केस होते. आणि पाणी पीत राहा, हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही, आईंना व्हॅसलीन द्या, ओठ फुटतात.

कोपरी_माहेर_निफाड : मला तिथे माहेरच आठवलं. बागेत उंच खांबावर मोठा पंखा बघितला, विमानाच्या पात्यासारखा, विचारलं तर म्हणाले एप्रिल-मेमध्ये रात्री दहिवर गोठतं, कोवळी फूट जळते, म्हणून वरची ऊबदार हवा खाली ढकलायची. आमच्याकडे थंडीची लाट आली की बाबा पहाटे बागेत शेकोट्या पेटवायचे, डोळे धुराने लाल व्हायचे, दुखणं तेच. आपल्याकडे वेल झोपतच नाही म्हणून एप्रिलला खरड छाटणी (काडी तयार करायला), ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळासाठी), तिथे हिवाळ्यात वेल पूर्ण झोपतो, छाटणी एकदाच, तीही मुद्दाम उशिरा म्हणजे फूट उशिरा यावी. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा, त्यामुळे साखर भरते पण आंबटपणा टिकतो. तिथल्या बाईने सिरा द्राक्षाचा मणी हातावर दाबून दाखवला, रस पांढराच, सगळा रंग सालीत, बोटं दिवसभर जांभळी होती माझी. तुम्हाला मात्र द्राक्षं दिसणार नाहीत, काढणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरलाच होते.

घणसोली : फोन करून जा. आम्ही मंगळवारी गेलो, साइटवर उघडं दाखवत होतं, दाराला कुलूप. मुलं रडकुंडीला आली.

वाशीहून : अ‍ॅरिझोना नाही, पण अर्जेंटिनात मेंडोझाला गेलेय. वर्षाचा पाऊस जेमतेम 200 मिमी, ठाण्यात जुलैत एका दिवसात पडतो तेवढा! अँडीजचं वितळलेलं बर्फ पाटाने बागांत आणि गावातल्या रस्त्याकडेच्या झाडांना जातं, ते पाट बघूनच मला भरून आलं. वेलींवर गारांसाठी जाळ्या. तिथल्या उको खोऱ्यातली मालबेक ही रेड वाइन प्या, गडद जांभळी, मिरीची चव येते.

ऐरोलीकर : आईंचं सांगायचं राहिलं. हिवाळ्यात विलकॉक्सच्या खोऱ्यात हजारो सँडहिल क्रेन पक्षी उतरतात, आपल्या नेरुळला फ्लेमिंगो बघायला जातो ना, तसं पहाटे जा.

धागाकर्ती : आई रोज सकाळी फ्लेमिंगोंचे फोटो पाठवते सगळ्यांना!! ताईला आत्ताच कळवलं, विलकॉक्सला एक रात्र राहतोय, पहाटे आधी क्रेन, मग वायनरी.