फेस्टिव्हलला भारी बँड ऐकला, नावच कळलं नाही, कसा शोधू?

चष्मेवाली_गिटार
शनिवारी एका फेस्टिव्हलला गेले होते, मला ज्यांना बघायचं होतं ते रात्री मेन स्टेजवर, म्हणून दुपारी सावली शोधत सगळ्यात लहान स्टेजच्या तंबूत शिरले आणि तिथेच खिळून उभी राहिले. चौघं जण, बेसवाली अनवाणी, समोर जेमतेम तीस लोक आणि त्यातले निम्मे माझ्यासारखेच सावलीला आलेले. तिसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटली, तर तो पठ्ठ्या तिथेच मांडी घालून नवीन तार लावायला बसला आणि तोवर ड्रम नि बेसने एकच रिफ (परत परत येणारा छोटा तुकडा) असा काही घोळवला की गिटार परत आत शिरली तेव्हा तंबू भरलेला होता, लोक कधी आले तेही कळलं नाही. अंगावर काटा आला अक्षरशः. पण नाव सांगितलं तेव्हा मी पोचलेच नव्हते आणि शेवटी माइक नुसता शिट्ट्या मारत होता. टाइमटेबलमध्ये त्या वेळेला जे नाव आहे तो बँड यूट्यूबवर बघितला, हे ते नव्हेतच! शझाम म्हणजे ते गाणं ओळखणारं ॲप, त्यानेही हात वर केले. माझ्याकडे दोन व्हिडिओ आहेत पण आवाज म्हणजे फक्त घरघर. काय करू?

बेसुरा_नंबर१
शझामचा दोष नाही हो. ते रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकचा ठसा जुळवून बघतं, लाइव्हमध्ये वेग जरा बदलला की तोच बँड तेच गाणं वाजवत असला तरी सहसा जुळत नाही, आणि नव्या बँडचं गाणं तिथे असेलच असंही नाही. त्यापेक्षा गाण्याचा जो काही शब्द कळला असेल तो टाकून सर्च करा.

केबल_गुंडाळणारा
मी स्टेजवर वायरी ओढायची कामं केलीत. लहान स्टेजला वेळा सर्रास बदलतात, कुणीतरी गाडीत अडकतं, मग पुढच्याला आधी चढवतात, छापलेलं टाइमटेबल तसंच राहतं. म्हणून त्याच्या आधीची नि नंतरची नावं आधी बघा. मग व्हिडिओत गाणं बघू नका, सामान बघा: मोठ्या ड्रमच्या तोंडावर नाव असतं, अँपच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या) पेटीवर रंगाने मारलेलं असतं (नाहीतर पेट्या अदलाबदल होतात), आणि जमिनीवर चिकटपट्टीने लावलेला गाण्यांच्या यादीचा कागद. तो दिसला तर झूम करा.

रिव्हर्ब_आजोबा
हे दरवेळचं आहे, लोक रात्रीच्या मोठ्या नावासाठी येतात आणि दुपारी रांगेत उभं राहून मोबाइल बघतात. अमेरिकेतल्या वुडस्टॉक फेस्टिव्हलला 1969 मध्ये सँटाना बँडवाले वाजवून गेले तेव्हा त्यांचा पहिला अल्बमसुद्धा बाजारात यायचा होता. निर्व्हाना बँडवाले 1991 ला इंग्लंडच्या रीडिंग फेस्टिव्हलला दुपारी वाजवत होते, महिनाभराने आलेल्या अल्बमने सगळं उलटंपालटं केलं. त्याच रीडिंगला 2005 मध्ये आर्क्टिक मंकीज लहान स्टेजवर, आणि तंबूत मावेनात एवढी गर्दी, तेही पहिला अल्बम यायच्या आधी. सगळेच तसे मोठे होत नाहीत हे मान्य, नव्वद टक्के दुपारचे बँड ऐकून मी कान धरलेत. तरी मी दुपारीच जातो. (आणि कानात प्लग घालून जा गं, लहान तंबूत स्पीकर थेट डोक्याशी असतो. माझा एक कान अजून शिट्टी मारतो.)

चष्मेवाली_गिटार
सापडलाआआ!! केबलवाले दादा, तुमचे पाय कुठेत? दुसऱ्या व्हिडिओच्या शेवटी कॅमेरा हलतो तेव्हा पेटीवर अर्धा शब्द दिसतो, पुढचं ड्रमवाल्याच्या टॉवेलखाली. ती अक्षरं आणि लाइनअप जुळवलं तर एकच नाव बसत होतं, टाइमटेबलमध्ये दीड तास नंतरचं. लिंक प्रोफाइलवर टाकलीये, ऐका. पण एक सांगू का, घरी हेडफोन लावून ऐकलं तर जरा पाणचट वाटतंय. तेच तिसरं गाणं इथे तीन मिनिटांत संपतं, तो घोळवलेला भाग नाहीच.

बेसुरा_नंबर१
स्टुडिओत तार तुटली नव्हती ना 😄

केबल_गुंडाळणारा
पहिलं रेकॉर्डिंग बहुतेकांचं घाईतच होतं, दोनतीन दिवसांचे पैसे असतात आणि त्यात सगळं उरकायचं. शिवाय तंबूत बेस पोटात वाजतो तो हेडफोनमध्ये कुठून येणार. एक करा, तो तार तुटल्याचा व्हिडिओ त्यांना पाठवा, आवाज घरघरत असला तरी. तीस लोकांत अजून कुणी काढला असेल असं वाटत नाही.

चष्मेवाली_गिटार
पाठवला. बेसवालीचं उत्तर आलं, तो भाग आधी ठरलेला नव्हता म्हणे, आणि काय वाजवलं ते त्यांना आता आठवत नाहीये, व्हिडिओवरून परत बसवतायत.