वाड्यातल्या तसबिरी नव्या फ्लॅटच्या भिंतीवर कशा लावू?

नारायणपेठेची लेक

नमस्कार. आमचा नारायण पेठेतला वाडा पुनर्विकासाला गेला आणि गेल्या महिन्यात आम्ही सिंहगड रस्त्याला नवव्या मजल्यावर राहायला आलो. भांडीकुंडी लागली, देवघर मांडून झालं. पण ११ तसबिरी अजून जुन्या चादरींत गुंडाळून पलंगाखाली पडल्या आहेत. सकाळचा चहा झाला की बाबा रोज विचारतात, "आई-अण्णा कधी लावणार?" आई-अण्णा म्हणजे माझे आजी-आजोबा. लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला त्यांचा एकच एकत्र फोटो आहे.

वाड्यात या सगळ्या ओसरीवर होत्या. तुळईच्या जरा खाली, हात वर केला तरी पोचणार नाही इतक्या उंच. खालची कड दोन खिळ्यांवर टेकवलेली, वरून सुतळीने धरलेली आणि अख्खी तसबीर पुढे झुकलेली. भिंत माती-विटांची, वर चुन्याचा गिलावा. खिळा सैल झाला की लाकडाची गुट्टी मारायची, पुन्हा ठोकायचा, झालं काम.

इथे एका दुकानाने माणूस पाठवला. त्याने चार खिळे ठोकले, चारही वाकले, आणि रुपयाएवढा टवका उडाला. मग तो म्हणाला, चिकटवायचे हूक लावा. लावले. तिसऱ्या रात्री दोन वाजता मुंजीच्या फोटोची फ्रेम खाली आली, काचेचा चुरा झाला आणि बाबा दचकून जे उठले ते सकाळपर्यंत जागे होते. तेव्हापासून मी कशालाही हात लावलेला नाही.

आई-अण्णांच्या फोटोचं आणखी एक आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ओसरीत पुरुषभर पाणी होतं. तसबीर उंच होती म्हणून वाचली, पण खालची चार बोटं भिजलीच. तिथे फोटो काचेला चिकटलाय आणि आजीच्या पदरावरून एक तपकिरी रेघ गेली आहे. बाबा तेव्हा २० वर्षांचे होते. चिखल उपसायला लागायच्या आधी त्यांनी ही तसबीर काढून गच्चीवर नेली होती. ती रेघ त्यांना हवी आहे, "साफबिफ करायची नाही" असं बजावून सांगितलंय.

तर भिंतीत खिळा का जात नाही आणि काय वापरू? चिकटलेल्या फोटोचं काय करू? आणि उंची किती ठेवू? सगळीकडे वाचते की तसबिरीचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर हवा. तेवढ्यावर एक धरून पाहिली, पण का कोण जाणे, मनाला पटली नाही.

पाणसळ

ताई, तुमची भिंत बहुधा विटांची नाहीच. अलीकडच्या पुष्कळ उंच इमारतींत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकत्रच ओततात. साइटवर आम्ही त्याला मायवन म्हणतो. तसं असेल तर खोल्यांमधल्या भिंतीही सळयांच्या काँक्रीटच्या असतात. साधा खिळा वाकणारच, त्या माणसाला पहिल्याच खिळ्याला कळायला हवं होतं.

खात्री करायची तर जिथे तसबीर येणार त्याच जागी एक भोक पाडा आणि भुकटी बघा. तांबडी पडली तर वीट. करडी आणि ड्रिल रेटावं लागतंय तर काँक्रीट. करडी-पांढरी, आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत जातंय तर हलका ब्लॉक. तिथे हॅमर बंद करून नुसतं फिरवून भोक पाडायचं, नाहीतर ते मोठं होऊन बसतं. सुरुवातीचे १०-१२ मिलिमीटर मऊ पांढरं निघालं तर तो जिप्समचा गिलावा. त्याच्यात धरलेली गिट्टी (भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी, तिच्यात स्क्रू धरतो) आज ना उद्या बाहेर येते, ती गिलावा ओलांडून पक्क्या भिंतीत बसली पाहिजे.

काँक्रीटला घरगुती ड्रिल दमतं. रोटरी हॅमर एक दिवस भाड्याने आणा. बिट ६ मिलिमीटरचं, भोक ४० मिलिमीटर खोल. बिटाला तेवढ्या मापावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे कुठे थांबायचं ते दिसतं. भोकातली भुकटी फुंकून काढा, हे लोक हमखास विसरतात आणि मग गिट्टी अर्धी बाहेर राहते. मध्येच बिट अडलं, आवाज बदलला, तर सळई लागली. जोर लावू नका, दोन इंच सरका. अशा एवढ्याशा भोकाने भिंतीला काही होत नाही.

एक कळकळीचं सांगणं. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल लावू नका, वायरची नळी तिथूनच जाते. बाथरूमच्या मागची भिंतही सोडा. आणि प्रत्येक तसबिरीला एक नाही, दोन हूक. दोन हुकांवरची तसबीर दार आपटलं तरी तिरकी होत नाही.

बिट, गिट्ट्या, हूक सगळं बोहरी आळीत सुटं मिळतं. जुनी हुकाची कडी सोबत न्या म्हणजे माप चुकणार नाही.

काच आणि पुठ्ठा

मी २६ वर्षं फ्रेमा करतोय. तुमचा प्रश्न वाचून दुकान उघडायच्या आधी लिहायला बसलो.

तो फोटो काचेपासून सोडवू नका. कुणी "वाफ देऊन काढतो" म्हणालं तर त्याच्या हातात देऊ नका. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, चित्र त्याच थरात असतं. पाणी लागलं की तो फुगतो आणि वाळताना काचेला धरतो. ओढलात तर कागद तुमच्या हातात येईल आणि आजीचा पदर काचेवर राहील. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत माझ्या डोळ्यांसमोर एका बाईंच्या आईचा चेहरा असा गेलाय. ते मी विसरलेलो नाही.

आधी काचेसकट त्याचा चांगला फोटो काढून घ्या. दिवसा, फ्लॅशशिवाय, कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरून म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब येणार नाही. मग तीच काच, तोच फोटो, फक्त पाठ बदला. जुन्या फ्रेमेच्या मागे खोक्याची फळी आणि वर्तमानपत्र असतं, त्यांच्या आम्लाने फोटो पिवळा पडत जातो. आम्लरहित पुठ्ठा मागा आणि मागच्या फटी कागदी पट्टीने बंद करून घ्या, कसर तिथूनच शिरते. बाकीच्या फोटोंत, जे चिकटलेले नाहीत त्यांत, काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालून घ्या. काच फोटोला टेकली नाही तर पुन्हा चिकटणार नाही.

तुमच्या ११ मध्ये एखादं देवाचं जुनं छापील चित्र असेल तर खालची पांढरी पट्टी कापू देऊ नका. रवि वर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला आला. त्या चित्रांवर छापखान्याचं नाव बहुतेक खालच्या कडेलाच असतं, आणि फ्रेमेत बसावं म्हणून कापतात तीही नेमकी तीच कड.

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर काही लावू नका, पावसाळ्यात ती घाम धरते. लावायचंच झालं तर खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, मागून हवा खेळली पाहिजे.

मुठाकाठची

उंचीबद्दल. ५७ इंच हे उभ्या माणसाच्या डोळ्यांचं माप आहे. तुमचे बाबा दिवसभरात तिथे उभे राहतात का?

नारायणपेठेची लेक

नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते बाल्कनीजवळच्या खुर्चीतच असतात. तुमचं एवढंसं वाक्य वाचलं आणि मी उठून त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. माझी नजर जमिनीपासून ४५ इंचांवर आली. ५७ वर धरलेल्या तसबिरीत तिथून मला बाल्कनीचं दार दिसत होतं, आई-अण्णा नाहीत.

आणि मग वाड्यातल्या झुकलेल्या तसबिरी डोळ्यांपुढे आल्या. ओसरीवर सगळे जमिनीवर बसायचे. जेवण, अभ्यास, पाहुणे, सगळं खाली. इतकी वर्षं मला वाटायचं ती जुन्या लोकांची नुसती पद्धत.

काच आणि पुठ्ठा

बरोबर ओळखलंत. सरळ काच समोरचा उजेड तोंडावर फेकते. झुकलेल्या काचेत खालून बघणाऱ्याला जमीन दिसते, जमीन अंधारी, म्हणून चित्र स्वच्छ दिसतं. इथेही करता येईल. मागच्या कड्या वरच्या कडेपासून जितक्या खाली घ्याल तितकी तसबीर वरून पुढे येते. फक्त मध्याच्या वरच ठेवा, खाली गेलात तर उलटी होईल. अगदी वरच्या कडेला लावल्या तर भिंतीला सपाट बसते. तार पितळेची पिळाची घ्या, सुतळी नको.

पाणसळ

हुकाची उंची काढायचा हिशोब लिहून ठेवा. मध्य जिथे हवा ती उंची, अधिक तसबिरीची अर्धी उंची, वजा वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर. तार बोटाने वर ताणूनच मोजायची, आणि दोन हूक असतील तर दोन बोटांनी, हूक जेवढ्या अंतरावर येणार तेवढ्या अंतरावर.

नारायणपेठेची लेक

रविवारी काम झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

भुकटी करडी निघाली. काँक्रीटच. भाचा रोटरी हॅमर घेऊन आला. भोकाच्या खाली कागदाची घडी करून चिकटवली होती, सगळी भुकटी त्यात पडली, फरशी पुसावी लागली नाही. ड्रिल लावण्याआधी ११ तसबिरींच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून दोन दिवस भिंतीवर चिकटवून ठेवले होते. बाबा खुर्चीतून काठीने दाखवत होते, हा डावीकडे, तो खाली. मुंजीचा फोटो त्यांनी स्वतःहून दाराशेजारी नेला, "तो येणाऱ्याला दिसू दे" म्हणाले.

आई-अण्णांची तसबीर १८ इंच उंच. मध्य ४६ वर ठरवला, तार वरून ३ इंच खाली येत होती, म्हणजे ४६ अधिक ९ वजा ३, हूक ५२ वर. दोन भोकं, दोन गिट्ट्या, पाणसळ लावून पाहिली. ती सपाटच ठेवली, कारण आता ती बाबांच्या नजरेसमोर आहे आणि बाल्कनीचं दार तिच्यात येत नाही. सोफ्यावरची लक्ष्मी मात्र उंच आहे, तिच्या कड्या चार बोटं खाली घेतल्या आणि ती वाड्यातल्यासारखी झुकली. तिची खालची पट्टी कुणीतरी आधीच कापलेली निघाली. वाईट वाटलं.

फोटोची पाठ बदलली, काच तीच. फळी काढल्यावर आतून वाळलेल्या गाळाची बारीक पूड पडली, चमचाभर असेल. मी ती झटकणार होते. बाबांनी हात पुढे केला आणि कागदाच्या पुडीत बांधून घेतली. पुडी सध्या त्यांच्या चष्म्याच्या घरात आहे.

तसबीर लागल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणखी दोन बोटं खाली असती तर चाललं असतं." हुकाला दुसरं भोक पाडलं नाही, वरच्या वर तार दोन बोटं सैल केली. आता बरोबर आहे म्हणतात.

सहा लागल्या, पाच उरल्या. त्यांतली एक पितळी चौकटीची आहे, वजनकाट्यावर साडेसात किलो भरली. तिला ६ मिलिमीटरची गिट्टी पुरेल का ८ ची घेऊ? पाणसळ, सांगाल का? हॅमर शुक्रवारपर्यंत घरात आहे.

पाणसळ

८ ची घ्या, ५० मिलिमीटर खोल, आणि हूक दोनच. पलंगाच्या उशाशी मात्र लावू नका.