पंचवटीत सोसायटीतले फ्लॅट यात्रेकरूंना रोजाने : पाण्याचं गणित कसं बसवायचं?

प्रश्न : रामकुंडाजवळची १२ फ्लॅटची सोसायटी. दोन फ्लॅट रोजाच्या भाड्याने जातात, सुट्टीत एकेकात दहा-दहा जण. टाकी दुपारीच कोरडी. २०२७ च्या सिंहस्थाआधी काय करावं?

गोदाकाठ : माणशी रोज १३५ लिटर धरा. नेहमीच्या कुटुंबातल्या चौघांचे ५४०, दहांचे १३५०. म्हणजे एका फ्लॅटमागे ८१० लिटर जास्त, आणि बिल मात्र सगळ्यांत सारखं वाटलेलं! त्या दोन फ्लॅटच्या लाइनवर, टाकीतून उतरते तिथेच, वेगळं मीटर बसवा. मीटरआधी गाळणी हवीच. गाळ अडकला की मीटरचं चक्र थांबतं, मग भांडणं.

जुनी तांबट आळी : आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालचा सांडपाण्याचा सापळा! घाटावरून आलेले ओले कपडे बाथरूममध्ये पिळले की वाळू खाली बसते, पाणी तुंबतं. जाळी रोज, ट्रॅप आठवड्याला उघडून साफ. खर्च मालकाचा, हे ठरावात लिहा.

गोदाकाठ : बरोबर. भाड्याच्या फ्लॅटला बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) लागतं, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. दंड म्हणून वाटेल तो आकडा लावलात तर सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे टिकणार नाही.